लिंग बदला

पाचवीच्या वर्गाला मी ‘लिंग बदला’ शिकवते. कोंबडा – कोंबडी, बोकड – शेळी. मुलं धडाधड उत्तरं देतात आणि मी डोळे झाकून बरोबरच्या खुणा करते. तेच माझ्या मखमलाबादच्या घरी, झेंडूच्या शेताकडेच्या खुराड्यात, आमची तांबडी कोंबडी एका सकाळी चक्क आरवली.

‘आरवली’ लिहितानाही हात अडतो. आरवतो तो कोंबडा, आणि हिने तर वर्षभर अंडी दिली होती. मग अंडी थांबली, तुरा वाढला, आणि ही बया एक पंख जमिनीला घासत बाकीच्या कोंबड्यांभोवती फिरायला लागली. त्याही हिला पाहून दाण्यांवरून मुकाट बाजूला व्हायच्या.

आरवणारी कोंबडी घराला वाईट, असं सासूबाईंचं म्हणणं. रविवारी कापायचं ठरलं. ‘तुम्ही दोघी काय ते बघा’ म्हणून नवरा नेहमीसारखा फुलं घेऊन बाजारात सटकला.

गाय तपासायला जनावरांचे डॉक्टर आले होते, त्यांना मी तांबडीबद्दल विचारलं. ते म्हणाले, तिचं अंडाशय निकामी झालं असणार. मादीचं हार्मोन आटलं की नराचं वरचढ होतं आणि मेंदूतल्या पेशी त्याचं ऐकायला लागतात. आरवायची सोय तिच्या मेंदूत आधीपासून होतीच, फक्त हुकूम आला नव्हता.

गेल्या वर्षी माझ्या ऑपरेशनमध्ये पिशवीबरोबर अंडाशयंही काढली. आधी कोणी बोललं की मी मोरीत जाऊन रडायचे, आता ताट आपटते. मग रडणारी मी खरी, की आपटणारी? की दोघीही नुसत्या हुकमाच्या ताबेदार? आणि माझ्या डोक्यात अजून काय काय झोपलंय? हार्मोनच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरबाईंना हे विचारायची मला लाज वाटते.

रविवारी सासूबाईंनी खुराड्याची फळी उचलली. मी आडवी उभी राहिले. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. तोंडातून एवढंच निघालं, “आई, बदलली म्हणून तिला कापायचं, तर मग माझं काय?”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“ऑपरेशन झाल्यापासून तू बी पहाटंपासून आरडते. तुला कापली का आम्ही?”

फळी त्यांनी परत लावली आणि हात झटकत आत गेल्या. हा टोमणा होता की माया, ते मला अजून कळलेलं नाही. राग आला होता, हसूही येत होतं, आणि डोळे का भरले ते तर देवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तांबडी आरवली. मी स्वयंपाकघरात भांडी आदळत होते. आतून सासूबाईंचा आवाज आला, “उठल्या का दोघी?”