नेव्हिलचं लाल कुलूप

पोर्ट पिरीच्या शिसं गाळायच्या कारखान्यात नेव्हिल पॅस्कोनं चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं. बरोबरीच्या दोघांची बोटं गेली, याचं नखही दुखावलं नाही. कारण एकच: यंत्रात हात घालायचा तर आधी वीज बंद, मेन स्विचला आपलं लाल कुलूप, मगच हात. निवृत्त झाला तेव्हा ते कुलूप घेऊनच घरी आला आणि घरामागच्या शेडमध्ये टांगलं.

बायको लोर्ना आता म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात. डोकं रोज थोडं थोडं रिकामं होत चाललेलं. एकोणनव्वद साली, आई जायच्या आधी, तिनं आईच्या तोंडचं सगळं कॉम्प्युटरवर लिहून काढलं होतं. तेवढं वाचून दाखव, म्हणून ती दर रविवारी नेव्हिलच्या मागं लागायची. कागदावर एक ओळ नव्हती. होतं ते विटेएवढ्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये, आणि ती कॉम्प्युटरला जोडून चालवणारं कार्ड नेव्हिलनंच कधीतरी भंगारात घातलेलं. डिस्क तरी कसली हट्टी! ज्या जातीच्या कार्डानं लिहिलं त्यालाच दाद देणार. दुसरं लावलं की विचारणार, सगळं पुसू का?

तीन वर्षं शोधल्यावर तसलं कार्ड वॉलरू गावच्या केव्ह ट्रिझाइजकडं, त्याच्या जुन्या कॉम्प्युटरांच्या ढिगात सापडलं. केव्ह स्वतःच ते घेऊन नेव्हिलच्या शेडमध्ये आला.

"चकती चिकटलीया आत," केव्ह म्हणाला. "वीज दिली की हिसका दे तिला. दार उघडंना म्हंजे खांदा लावतोस का न्हाई, तसा."

नेव्हिलनं दिला. डिस्क कण्हली, घरघरली, फिरली! पडद्यावर फायलींची नावं उमटली. त्यातलं एक होतं, 'आई'.

"उतरवून घे की! बघत काय बसलास नवरदेवागत?"

उतरवायला दुसरी डिस्क जोडायला हवी होती. पहिल्याच दणक्यात चालंल असं कुणाला वाटलं होतं? कॉम्प्युटरच्या पेटीत हात घालायचा, म्हणून नेव्हिलचा दुसरा हात आपसूक भिंतीकडं गेला. त्यानं मेन स्विच पाडला. वर लाल कुलूपही लावलं.

घरघर थांबली.

"काय केलंस रं हे?" केव्ह म्हणाला.

चकती पुन्हा चिकटली ती चिकटलीच; चार दिवस नेव्हिल हिसके देत होता. पाचव्या दिवशी आत खडा घासल्यागत आवाज झाला. मग तोही बंद.

रविवारी लोर्नाच्या हनुवटीला केकचं खोबरं चिकटलेलं.

"झालं का चालू?"

"झालं हुतं."

"मग वाच की, म्हाताऱ्या. का चष्मा इसरलास?"

"इसरलो."

"मेला वायरमन!" ती हसली. "बटणं बंद करायची तेवढी कधी इसरला न्हाईस."

पुढच्या रविवारी चष्मा खिशातच होता. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.