ईशान्येकडे जाणारं पाणी

लांब राहणाऱ्या माझ्या नातवंडांनो,

लहानपणी तुम्ही सुट्टीत इथे यायचात, तेव्हा अंगणात कुठेही सोडलेला तुमचा चेंडू हळूहळू एकाच कोपऱ्यात जाऊन बसायचा. "आजी, तुझं घर वाकडं आहे का?" असं तुम्ही विचारलं होतंत, आणि "आधी दूध प्या" म्हणून मी उत्तर टाळलं होतं. ते आता द्यायला हवं, कारण दिवाळीनंतर हे घर पाडणार आहेत. मी सही केली आहे. तुमच्या बाबासाठी कागदपत्रांची फाइल क्रमाने लावून ठेवली. तुमच्यासाठी हे लिहिते आहे.

आम्ही जागा घेतली तेव्हा धायरी खेडं होतं आणि तुमचा बाबा दोन वर्षांचा होता. सपाट जमिनीवर शेती होती, ती कोणी विकत नव्हतं. म्हणून आम्हाला एका लहानशा टेकडीच्या उतारावरचा तुकडा मिळाला. घर बांधायचं मुख्य कारण तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत एकटे राहत. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसेनासं होत चाललं होतं. आमच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात त्यांना आणणं शक्य नव्हतं. नवं घर झालं की ते येतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

ते जागा पाहायला आले. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेले, आणि वास्तूचे नियम त्यांना तोंडपाठ. त्यांनी पिशवीतून तांब्या काढला, शेजारच्या विहिरीवरून तो भरून आणायला लावला आणि उभ्या उभ्या जमिनीवर ओतला. पाणी सरळ नैऋत्येला धावलं.

"सूनबाई, जागा उलटी आहे," ते म्हणाले. "उतार ईशान्येला हवा. नैऋत्य उंच आणि जड हवी. इथे ईशान्येलाच डोंगर बसलाय."

तुमचे आजोबा इंजिनिअर. ते म्हणाले, "दादा, डोंगर हलवायचं खातं माझ्याकडे नाही."

"मग मलाही हलवू नका," असं म्हणून मामंजी बसच्या दिशेने चालायला लागले.

आजोबा त्यांना थट्टेने उत्तर देत, पण वडील एकटे राहतात याने त्यांची झोप उडाली होती. त्यांनी ठरवलं की नैऋत्येचा कोपरा भरून उंच करायचा. त्या कोपऱ्यातून एक ओघळ जात होती, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत. ती बुजवून वर मुरूम टाकला आणि पुढे भिंत घातली. गावातला म्हातारा गवंडी डोकं खाजवत म्हणाला, "सायेब, पान्याची वाट हाय ही. तुमी बुजवली तर ते भिंतीतनं वाट काढंल."

"भिंत पक्की आहे," आजोबा म्हणाले. पाणी कुठून किती येईल, याची गणितं मांडणं हीच त्यांची नोकरी होती. इथे मात्र त्यांनी एकही गणित मांडलं नाही. मांडलं असतं, तर वडिलांना नाही म्हणावं लागलं असतं.

श्रावणात भिंतीला पोट आलं आणि एका सकाळी ती बसली. सगळा मुरूम खालच्या शेतातल्या भुईमुगात गेला. आम्ही दोघं चार दिवस घमेल्यांनी तो उपसत होतो. शेतकऱ्याची बायको बांधावर उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "शिकल्याली मानसं दिसता." आजोबांनी पुढचं घमेलं भरलं.

दर गुरुवारी मी मामंजींना वाचून दाखवायला पेठेत जात असे. पडलेल्या भिंतीचं मीच त्यांना सांगितलं.

"माझ्यामुळे पडली?" त्यांनी विचारलं.

"पाण्यामुळे पडली," मी म्हटलं.

त्यांनी पेटीकडे हात केला. मग म्हणाले, "पेटीत तळाशी एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची. काढ."

तरुणपणी ते कोकणात मामाकडे राहिले होते. मामा डोंगरउतारावर घरं बांधून देत. त्यांच्याकडून ऐकलेलं वहीत टिपून ठेवलेलं होतं. मी एकेक पान वाचू लागले. कुठल्या झाडाजवळ पाया घेऊ नये, डोंगराचा पायथा का कापू नये, असं बरंच काही. मग एक ओळ आली. डोंगरावर सबंध जमिनीचा उतार पाहू नये. टप्पे करावेत आणि ज्या टप्प्यावर घर, त्याच टप्प्याचा उतार पाहावा.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"कोणी लिहिलंय हे?"

"आपणच. अक्षर आपलं आहे."

"मग बरोबरच असणार," ते म्हणाले, आणि वही मिटायला सांगितली.

मी ती ओळ कागदावर उतरवून घरी नेली. आजोबांनी ती वाचली आणि रात्रीच्या जेवणाआधी तीन टप्प्यांचं रेखाटन तयार झालं. गवंड्याला दाखवलं तर तो हसायला लागला. "शेताच्या ताली आमी दुसऱ्या काय बांदतो?" ताल म्हणजे उतारावरची माती धरून ठेवणारी दगडी भिंत. प्रत्येक टप्प्याला ताल घातली. सगळ्यात जड काळे दगड नैऋत्येच्या तालीला लावले आणि पाणी निघायला तिच्यात भोकं ठेवली. ओघळ मोकळी केली. मधल्या टप्प्यावर घर आणि अंगण आलं. अंगणाच्या फरशीला बोटभर उतार दिला, तो ईशान्येला, म्हणजे डोंगराकडे. तिथे दगडी चर काढला. डोंगरावरचं आणि अंगणातलं पाणी त्यात पडे आणि घराला वळसा घालून ओघळीला मिळे.

मामंजी पुन्हा आले. तांब्या बरोबर होताच. अंगणाच्या मधोमध त्यांनी तो रिकामा केला. पाणी क्षणभर जागीच थांबलं आणि मग सावकाश ईशान्येच्या कोपऱ्याकडे निघालं.

आजोबांना लपवाछपवी जमत नसे. ते म्हणाले, "दादा, टप्प्याबाहेर ते पुन्हा नैऋत्येलाच जातं."

"टप्प्याबाहेरचं डोंगर बघेल. माझी गादी कुठे घातली आहेस?"

ते इथे नऊ वर्षं राहिले. दरवर्षी वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी ते अंगणात तांब्या ओतत. पुढे दिसेनासंच झालं, तेव्हा ओतून विचारत, "गेलं का?" मी म्हणायची, "गेलं." मग ते आत येऊन चहा मागत. त्यांच्यानंतर आजोबा तांब्या ओतू लागले. त्यांना स्वच्छ दिसत होतं, तरी माझ्याकडे बघून विचारायचे, "गेलं का?" आता मीच ओतते. परवा ओतल्यावर "गेलं" असं मोठ्याने म्हणून पाहिलं आणि उगाच म्हटलं असं वाटलं. या घरातलं मला सगळ्यात जास्त काय आठवेल, तर हा प्रश्न. तुमच्यापैकी कोणी इथे असतं, तर मी त्याला विचारायला शिकवलं असतं.

नव्या इमारतीसाठी आर्किटेक्ट मुलगी जागा मोजून गेली. वरचे दोन टप्पे एक करून खाली गाड्या ठेवायची सोय करणार आहेत. घर जाईल, अंगण जाईल, चरही बुजेल. मी तिला ओघळीबद्दल सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं आणि ओघळीवर बांधणार नाही म्हणाली. मग नैऋत्येच्या तालीपाशी बराच वेळ उभी राहिली. ही काढता येणार नाही, हिच्यावर वरचं सगळं तोललंय, असं तिने सांगितलं.

तेव्हा ती ताल राहणार आहे. तिची भोकं उघडी आहेत, आणि यंदाच्या पावसातही त्यांतून पाणी आलं.