रेडिओ घरी लागत नाही

रेडिओ घरी आला की बंद पडायचा.

हे नाव त्याला गाडीतळावरच्या ड्रायव्हरांनी ठेवलेलं. बेटाला किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालून पाहुण्यांना फिरवायचं हे त्याचं काम, आणि त्या दिवसभराच्या फेरीत त्याचं तोंड म्हणे मिटतच नसे. घरी मात्र चपलांबरोबर तो जीभही दाराबाहेर काढून ठेवी. ‘हं’, ‘असेल’ आणि ‘वाढ’, एवढ्यावर त्याचा संसार चालला होता.

बोलायचं खातं बायकोकडे. ती हॉटेलच्या धोबीखान्यात इस्त्रीला होती. दिवसभर वाफेत उभी राहून आली की जेवताना तिची गाडी सुटे. कुठल्या खोलीतल्या उशीवर कसला डाग निघाला, नवी जोडीदारीण घडी घालताना चादरीचं टोक कसं ढिलं धरते, माहेरच्या दोन्ही काकू जन्मभर कशा भांडल्या. तो मान खाली घालून जेवत असे. “भिंतीला सांगितलं असतं तर तिने एखादा पोपडा तरी पाडला असता,” असं ती शेजारणीला हसून सांगायची. हसण्याखाली काटा होता. इतकी वर्षं आपण बोलतोय, ते या माणसाच्या कानात शिरतं तरी का?

एकदा हॉटेलच्या काउंटरवरची पोरगी टॉवेल न्यायला धोबीखान्यात आली. “मावशी, तुमच्याकडे रोज मजा असेल. काकांच्या गोष्टी ऐकायला काल एक बाई गाडीतून उतरेनात.”

“कसल्या गोष्टी?”

“घ्या. आता तुम्हीच मला विचारताय?”

हात सवयीने इस्त्री फिरवत राहिला म्हणून चादर वाचली. म्हणजे याच्याकडे बोलायला आहे. परक्यांना आहे, बायकोला नाही. आणि आहे ते काय? त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. बेटाची पलीकडची बाजू तिने पाहिली नव्हती, पण ती बघण्याची तिला तेवढी ओढ नव्हती. तिला नवऱ्याला बोलताना ऐकायचं होतं.

सुट्टीच्या दिवशी गाडीत एक जागा रिकामी आहे असं कळलं, तशी ती तयार होऊन उभी राहिली.

“मी येतेय.”

“कुठं?”

“तुम्ही नेता तिथं.”

तो दाराशी बराच वेळ किल्ल्या वाजवत उभा राहिला. मग म्हणाला, “मागं बसायचं. आणि माझी बायको आहेस हे कुणाला बोलायचं नाही.” एका दमात एवढे शब्द तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकले असतील.

गाडीत पुढे दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या, एक चष्मेवाली आणि एक टोपीवाली. मधल्या सीटवर नवं जोडपं. त्यांना समुद्र काय आणि डबकं काय, ती एकमेकांतच बुडालेली. सगळ्यात मागे इस्त्रीवाली, कान टवकारून.

डाव्या हाताला समुद्र उघडला. ड्रायव्हर म्हणाला, “समुद्र.”

पुढे दीपगृह आलं. ड्रायव्हर म्हणाला, “दीपगृह.”

“डोळे आहेत हो आम्हाला,” टोपीवाली म्हणाली. बहिणीकडे वळून कुजबुजली, पण तिची कुजबूज शेवटच्या सीटपर्यंत पोचली. “हॉटेलात तर म्हणाले, ड्रायव्हर फार बोलका.”

“दुसरा असेल. तू चौकशी कधी नीट केलीयेस?”

इस्त्रीवालीला आरशात नवऱ्याचे डोळे दिसले. रस्त्यावरून उठायचे, तिच्यावर यायचे, दचकून परत रस्त्यावर जायचे. मांजर बघून दूध झाकावं तसा तो तोंड झाकून बसला होता. आपण मागे बसलोय तोवर हा रेडिओ खरखरसुद्धा करणार नाही, हे तिला उमगलं. मग तिने काचेला डोकं टेकलं, डोळे मिटले, आणि खात्रीसाठी थोडी घोरलीसुद्धा.

दोन वळणं गेली.

“तो कडा बघा,” ड्रायव्हर हळूच म्हणाला. “घड्या घातल्यासारखा दिसतोय ना? इथं एक राक्षसीण राहायची. तिची चादर एवढी मोठी की दुसरं टोक धरायला माणूसच मिळेना. जो येईल तो ढिलं धरायचा. वैतागून तिने एकटीनेच घड्या घातल्या. म्हणून वाकड्यातिकड्या पडल्यात.”

बहिणी हसल्या. जोडप्यानेही माना वर केल्या. इस्त्रीवाली घोरायचं विसरली. ढिलं धरायचा. हे तर आपण परवा जेवताना बोललो होतो. हा तेव्हा मान खाली घालून बसला होता.

“आणि आता त्या दोन खडकांकडे बघा. एकमेकींकडे पाठ फिरवलीय. जावाजावा आहेत त्या. कढईवरून भांडल्या आणि जन्मभर बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी एकीच्या घरात दिवा लागला नाही, तर दुसरी खिडकीत येऊन उभी राहायची.”

चष्मेवालीने बहिणीकडे पाहिलं नाही, पण तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

“मग धाकटी जाऊ आजारी पडली,” ड्रायव्हर रंगात आला, “तेव्हा थोरलीने ती कढई—”

“पातेलं होतं,” मागून आवाज आला. “कढई नव्हती. आणि आजारी थोरली पडली.”

गाडीला बारीकसा हिसका बसला. सगळे मागे वळले.

“तुम्हाला हो काय माहीत?” टोपीवालीने विचारलं.

“माझ्याच काकू त्या,” ती म्हणाली. “आणि हे माझेच यजमान.”

“अगं बाई,” चष्मेवाली म्हणाली. “म्हणून मघापासून दातखिळी बसली होती.”

ड्रायव्हरचे कान लाल झाले. आरशाकडे न बघता तो म्हणाला, “चोरीचा माल मालकासमोर कसा विकायचा?”

“एवढं सगळं ऐकत होता तर घरी हूं का चूं का नाही?”

“मध्ये बोललं की तू विसरतेस. मग अर्धीच गोष्ट मिळते.”

तिला राग यायला हवा होता. तो यायला निघाला आणि वाटेतच हसू झाला. पुढच्या किनाऱ्यावर तिला हॉटेलच्या उशीवरचे डाग, धोबीखान्यातली मुकादमीण, वडिलांची पळकुटी शेळी अशी सगळी मंडळी गुहा, टेकड्या आणि धबधबे होऊन भेटली. चुकेल तिथे ती सुधारत गेली. बहिणींनी तिला पुढे बोलावून आपल्या मध्ये बसवून घेतलं.

पश्चिमेच्या एका लांबलचक वळणाला मात्र तो गप्प झाला.

“इथं काय आहे?” तिने विचारलं.

“काही नाही. इथलं अजून मिळालं नाही तुझ्याकडून.”

“मग थांबवा.”

“इथं कुणी थांबत नाही.”

“थांबवा हो,” दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.

ती उतरून कठड्याशी गेली. तोही इंजिन बंद करून मागोमाग आला. खाली नुसता कातळ आणि पाणी, उतरायला पायवाटसुद्धा नाही. पण पाण्याच्या जरा वर, कातळाच्या एका पायरीवर, समुद्राकडे तोंड करून एक लाकडी खुर्ची ठेवलेली होती.

“ही कधी बघितली नव्हती,” तो म्हणाला. मग बायकोकडे वळून त्याने विचारलं, “कुणी ठेवली असेल? तुला काय वाटतं?”

कठड्यावर दोन्ही हात टेकून ती पुढे वाकली आणि आधी ती खुर्ची नीट बघून घेऊ लागली.