इथे आधी चहा असायचा

आल्यागेल्या पाहुण्यांना माणसं काय काय दाखवायला नेतात. कोणी देऊळ दाखवतं, कोणी धरण, कोणी नवा फ्लॅट आणि त्यातलं स्वयंपाकघर. पण प्रत्येक पाहुण्याला किराणा मालाचं दुकान दाखवायला नेणारा माणूस सबंध पृथ्वीवर एकच असेल, आणि तो आपल्या अंबरनाथला, आपल्या मागच्या गल्लीत राहतो, हे मी पैजेवर सांगेन. तुम्ही दोघं त्यांना ओळखता. तुमच्या आजोबांचे कारखान्यातले मित्र. गेल्या मे महिन्यात तुम्ही आला होतात तेव्हा मिटलेली छत्री उंच धरून त्यांनी तुम्हाला सुपरमार्केटभर फिरवलं होतं, आणि धाकटीनं माझ्या कानात विचारलं होतं, "आजी, हे दुकान यांचं आहे का?" परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ते आजोबा अजून तशीच टूर देतात का? फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

दुकान त्यांचं नाही. त्या इमारतीत पूर्वी ग्राहक भांडार होतं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही गावांत भांडाराच्या शाखा होत्या आणि कारखान्यातली निम्मी कुटुंबं त्याची सभासद होती. दाराशी पिशवी ठेवायची, पितळी टोकन घ्यायचं आणि कडाप्प्याच्या फळ्यांवरून आपलं सामान आपल्या हातानं उचलायचं. त्या काळी हे 'आपल्या हातानं' फार मोठं वाटे. भांडाराला एकच प्रतिस्पर्धी होता, उल्हासनगर कॅम्प पाचमधले एक सिंधी व्यापारी. सगळे त्यांना शेठ म्हणत. त्यांचीही तिन्ही गावांत दुकानं होती, दिवे जास्त आणि भाव दोन पैसे कमी. आपले हे मित्र (मी त्यांना भाऊजी म्हणते) भांडाराचे नुसते सभासद नव्हते, भक्त होते. एकदा आपल्या घरी चहाबरोबर दिलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर त्यांना शेठच्या दुकानाची चिठ्ठी दिसली. हातातलं बिस्कीट त्यांनी हळूच बशीत परत ठेवलं आणि म्हणाले, "बिस्किटाचा काही दोष नाही वहिनी, संगत वाईट." माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तेच बिस्कीट उचलून खाल्लं आणि म्हणाल्या, "छान आहे हो, खुसखुशीत." त्या घरातला व्यवहार असा वाटून घेतलेला होता. तत्त्वं भाऊजींकडे आणि बाकी सगळं माईंकडे. भांडाराची एवढी बाजू घेणारे भाऊजी स्वतः भांडाराच्या आत फारसे कधी गेलेच नाहीत. ते बाहेर कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचत बसायचे, माई आतून सामान घेऊन यायच्या, आणि जड पिशवी उचलण्यापुरते ते उठायचे.

पुढे भांडाराचं शटर एकदा पडलं ते पडलंच. वर्षभर इमारत बंद राहिली आणि मग नेमकी शेठनीच ती भाड्यानं घेतली. कडाप्पे फोडून लोखंडी रॅक आले, काचेचं दार आलं, गार हवा आली. "रावणानं अयोध्या घेतली," एवढंच बोलून भाऊजी आमच्याकडचा चहा न घेता उठून गेले. आता हा माणूस त्या दुकानाच्या सावलीलाही उभा राहणार नाही, असं आम्ही धरून चाललो. झालं उलटंच. काही महिन्यांत ते रोज तिथे दिसू लागले, आणि मग पाहुण्यांना नेऊ लागले.

ती टूर तुम्हाला आठवत असेलच. सुरुवात बाहेरून. शेठच्या पाटीवर सकाळचं ऊन तिरकं पडलं की रंगाखाली भांडाराची जुनी अक्षरं फुगून दिसतात, ती छत्रीच्या टोकानं दाखवायची. मग खिशातून पितळी टोकन काढायचं. "हे मी परत केलेलं नाही. म्हणजे कायद्यानं भांडार अजून उघडं आहे." मग आत. ट्रॉली घ्यायची नाही, "गाडी ढकलायची ती भाजीवाल्यानं, गिऱ्हाइकानं नाही." आणि मग एकेका रॅकपुढे उभं राहून, "हे शांपू दिसताहेत ना? त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. इथे आधी चहा असायचा. ही थंड पेयांची कपाटं, इथे तूरडाळ. आणि इथे बघा, इथे साखर होती. जिथे साखर होती तिथे आज कुत्र्याची बिस्किटं आहेत, यावरून काळ काय आलाय ते ओळखा." थोरल्यानं तेव्हा विचारलं होतं, "मग चहा आता कुठे असतो?" त्यावर भाऊजी म्हणाले होते, "ते मला माहीत नाही. ते शेठला विचार."

शेठ गल्ल्यावर बसून हे सगळं ऐकायचे. वैतागायचे, पण बोलायचे हसून. "काका, तुमी गाईडचा लायसन काढा ना. माझे गिऱ्हाईक तुमच्या मागे फिरतात आणि काय घेत नाय."

"घेतील कसे? ते शोधताहेत ते तुझ्याकडे नाहीच."

"साईं, भांडार गया. किराया अभी मेरा चालू है!"

मला हा सगळा हट्टीपणा वाटायचा. गोड, पण हट्टीपणाच. तुमचे आजोबा गेल्यापासून दर रविवारी सकाळी भाऊजी आणि माई मला खालून हाक मारतात आणि आम्ही तिघं बाजाराला जातो. भाऊजी आधी एकटेच पुढे जायचे, "जरा पाटी बघून येतो" म्हणून, आणि आम्ही दोघी मागून सावकाश. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी शांपू घ्यायला हात घातला आणि हातात चहाचा पुडा आला. पुढच्या खेपेला कुत्र्याच्या बिस्किटांत साखर बसलेली होती आणि थंड पेयांच्या बाटल्यांपुढे तूरडाळीचं पाकीट. मला वस्तू जागच्या जागी लागतात हे तुम्ही जाणताच, मी शेठकडे तक्रार केली. शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "आंटी, मी काय करू? ते काकाच करतात. रोज सकाळी येतात, माझा सामान उचलून तिकडे ठेवतात. लोक हसतात. आता बंद करणार मी त्यांना, बघा तुमी."

त्यांनी ते केलंही. त्यानंतरच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा भाऊजी दाराबाहेर उभे होते आणि काचेच्या आत शेठ. आतली प्रत्येक वस्तू आपापल्या रॅकवर परत लावलेली होती. माई नेहमीसारख्या आत गेल्या. पिशवी काखेत, पदर खोचलेला, कुणाला काही न विचारता सरळ शांपूच्या रांगेत. हात लांब करून त्यांनी बाटली उचलली, नाकाशी नेली, परत ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. मग त्या मागे वळल्या, पुन्हा पुढे आल्या, आणि हात तसाच हवेत धरून लहान मुलासारख्या मोठ्यानं म्हणाल्या, "माझा चहा कुठे गेला? कोणी नेला माझा चहा?" सगळं दुकान थांबलं. भाऊजी दार ढकलून धावत आत आले. शेठनी त्यांना अडवलं नाही.

नंतर कट्ट्यावर बसून, माई आत माझ्या पिशवीतले आवळे निवडत असताना, भाऊजींनी मला सांगितलं. माई विसरायला लागून बराच काळ झाला होता. घरात गॅस उघडा राहायचा, मीठ दोनदा पडायचं, मुलाचं नाव ओठाशी येऊन थांबायचं. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध असं फारसं सांगितलं नाही. "पण इथे आली ना वहिनी, की तिचा हात आपोआप जातो. डोकं विसरलं, हात विसरला नाही. घरात मी तिला हे नको करू, ते नको करू सांगत असतो. इथे ती कुणाचं ऐकत नाही. इथे अजून ती घर चालवते."

"मग ती टूर?" मी विचारलं.

त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. "मला काय माहीत, चहा कुठे असायचा? मी तर इथे पेपर वाचत बसायचो. तिला आठवत होतं तोवर मी तिच्याकडून रोज विचारून घेतलं, आणि विसरू नये म्हणून दिसेल त्याला सांगत सुटलो."

शेठनी यातलं किती ऐकलं मला माहीत नाही. पण पुढच्या रविवारी चहा शांपूंच्या रांगेत होता, साखर कुत्र्याच्या बिस्किटांत, आणि भाऊजींनी त्यातलं काही ठेवलेलं नव्हतं. शेठ मान वर न करता म्हणाले, "काका, सकाळी येऊन माझा सामान फेकायचा नाय. आमी लावला."

भाऊजींनी सगळीकडे एक चक्कर मारली आणि म्हणाले, "तूरडाळ एक फळी खाली हवी."

"बस क्या काका! अब दुकान भी आप ही चलाओ!" शेठ ओरडले, आणि उठून त्यांनी तूरडाळ एक फळी खाली ठेवली.

सगळा हिवाळा असा गेला. माई हात लांब करायच्या आणि हाताला चहा लागायचा. त्या बाहेर येऊन पिशवी भाऊजींच्या हातात द्यायच्या, "जड आहे, सांभाळून," आणि भाऊजी ती अशी घ्यायचे की जणू आत्ताच वर्तमानपत्र घडी करून उठलेत. त्या महिन्यांत ते मला तरुण वाटले.

होळीच्या सुमाराची गोष्ट. माई दारातून आत आल्या आणि थांबल्या. दिव्यांकडे, रॅककडे बघत राहिल्या. मग सावकाश चालत शांपूंपाशी गेल्या, तिथला चहाचा पुडा उचलला आणि हसल्या. "अगंबाई, शांपूत चहा! कुणी ठेवला हा? हा त्याच्या जागी ठेवायला हवा." क्षणभर मला आनंदच झाला. वाटलं, माई बऱ्या झाल्या, त्यांना दिसतंय! मी भाऊजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघून मला कळलं. माईंना दुकान जसं आहे तसं दिसत होतं, कारण जुनं भांडारही त्यांच्या डोक्यातून गेलं होतं.

"किती छान दुकान आहे," माई म्हणाल्या. "नवीन निघालं का?" आणि छत्री घेऊन उभ्या असलेल्या भाऊजींना त्यांनी विचारलं, "दादा, तुम्ही इथे कामाला आहात का?"

गल्ल्यावरचे शेठ उभे राहिले. भाऊजींनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "हो. या ना, दाखवतो."

आणि त्यांनी दाखवलं. पहिल्या रॅकपासून शेवटच्यापर्यंत, तुम्हाला दाखवलं होतं तसंच, छत्रीच्या टोकानं. फक्त त्या दिवशी त्यांनी शांपूला शांपू म्हटलं. "हे शांपू. ही थंड पेयं. ही कुत्र्याची बिस्किटं, आपल्याला नकोत. आणि चहा इकडे, या बाजूला, चौथ्या रांगेत." चहा आता कुठे असतो हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. माई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या. चहाचा पुडा त्यांनी त्याच्या जागी नीट ठेवला आणि हात झटकले.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, माणूस फार चांगला आहे हो. किती समजावून सांगतो. घरी कुणी वाट बघणारं आहे ना त्याला?"

मी म्हटलं, "आहे."

"मग बरं," माई म्हणाल्या.

तर मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की हो, ते अजून टूर देतात. दर रविवारी, एकाच पाहुण्याला, आणि त्या पाहुण्याला दर वेळी दुकान तितकंच आवडतं. तुम्ही याल तेव्हा तुम्हालाही बरोबर नेतील, जा. आता ते जुनं काही सांगत नाहीत. शांपूंच्या रांगेत चहाचा एक पुडा मात्र अजून असतो. शेठ तो कुणाला हलवू देत नाहीत. तो दिसला तर थांबू नका, आणि तिथे आधी काय असायचं ते भाऊजींना विचारू नका.