सुती म्हणून आलेल्या साड्या

वैशाख पौर्णिमेला सगळ्या बायकांनी हातमागाच्या पांढऱ्या साड्या नेसायच्या, ही कल्पना ताईंची. त्या मूळच्या नांदेडच्या, लग्नानंतर हैदराबादला आलेल्या. विद्यानगरात घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे कपड्यांचे दुकान आहे. तारनाक्याजवळच्या एका हॉलमध्ये रविवारी बुद्धवंदनेला मराठवाड्यातून आलेली बरीच कुटुंबे जमतात. आमची ओळख तिथलीच.

हातमाग, नैसर्गिक रंग, विणकराला योग्य मोबदला, हे शब्द वृत्तपत्राच्या डेस्कवर माझ्यासमोर रोज येत आणि जागा कमी पडली की आधी तेच कापले जात. ताईंच्या तोंडी ते वेगळे वाटले, कारण त्या तशा वागत. माझ्या एका कुर्त्याची बाही फाटली तेव्हा त्यांनी नवा कुर्ता दाखवला नाही. मला बसवून घेतले, बाही रफू केली आणि म्हणाल्या, "हा अजून पुष्कळ जाईल. फाटला की मग ये." कोणी घाई केली तर सांगत, "माणूस विणतो, मशीन नाही. थांबायचं." मी मॉलमध्ये कपडे घेणे सोडले. पुढे घरातल्या चादरीही त्यांच्याकडूनच येऊ लागल्या.

आईचा प्रश्न निराळा होता. कृत्रिम धाग्याचे कापड तिला सोसत नाही. मानेवर आणि कमरेवर लाल चट्टे उठतात, आग होते, झोप लागत नाही. फक्त सुती नेसा, असे डॉक्टरांनी बजावलेले. साड्यांची मागणी नोंदवताना मी हे आईसमोरच ताईंना सांगितले. त्यांनी आईचा हात हातात घेतला.

"आई, तुमची साडी मी स्वतः बघून आणते. निव्वळ सूत."

साड्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आल्या. पांढऱ्याशुभ्र, बारीक निळ्या काठाच्या. प्रत्येकीला एक पुठ्ठा जोडलेला आणि त्यावर मागावर बसलेल्या एका बाईचा फोटो. पौर्णिमेनंतरही आई दर रविवारी तीच साडी नेसून वंदनेला जात राहिली. काही आठवड्यांत तिच्या कमरेवर चट्टे आले, मग मानेवर. आम्ही अंगाचा साबण बदलला, नंतर कपडे धुण्याची पावडर, शेवटी बोअरच्या पाण्याला दोष दिला. साडीवर संशय गेला नाही. ती ताईंनी आणलेली होती.

एका रविवारी आई मेणबत्ती लावायला वाकली आणि पदराचे टोक ज्योतीवर गेले. शेजारच्या बाईने ते लगेच हाताने दाबून विझवले. आईला काही झाले नाही. पदराची मात्र राख झाली नव्हती. कापड आकसून त्याचा काळा, कडक मणी बनला होता आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला होता.

"नायलॉन जळल्यासारखा वास येतोय की, अम्मा," हैदराबादेत वाढलेली एक सून म्हणाली.

ताई पुढे आल्या. "काही नाही गं, कांजी आहे. नव्या साडीला कडक कांजी असते. जळली की असंच होतं."

बायकांनी माना डोलावल्या. वंदना पुढे सुरू झाली. साडी तोवर कितीतरी वेळा धुतली गेली होती. तिच्यात कांजी उरणे शक्य नव्हते.

घरी आल्यावर मी साडीच्या आतल्या टोकाचा एक धागा काढून चिमट्याने गॅसवर धरला. तो वितळला. मग आईच्या एका जुन्या सुती साडीचा धागा धरला. तो कागदासारखा जळून गेला आणि बोट लावताच राख विस्कटली. आई दारात उभी राहून बघत होती.

"म्हंजी पाण्याचा दोष नव्हता," ती म्हणाली.

मी इतर बायकांना फोन केले. एक हसली. "हौ का? तरीच इस्त्री लागत नाही! मला तर बरी वाटली बाई, धुतली की वाळली. तुम्ही कशाला उकरून काढताय?" दुसरी म्हणाली, ताईंना वाईट वाटेल.

दुसऱ्या दिवशी दुकानात जायला निघाले तेव्हा आईने, मी पण येते, म्हणून चपला घातल्या.

पदराचे टोक मी ताईंसमोर ठेवले. कांजीचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

"थोड्या साड्या मागावरच्याच होत्या," त्या म्हणाल्या. "मग विणकरांच्या घरी लग्न निघालं, माग बंद पडले. पौर्णिमा कुणासाठी थांबते का? अफझलगंजच्या बाजारात अगदी तशाच दिसणाऱ्या मिळाल्या."

"सांगायचं होतं. आम्ही थांबलो असतो."

"तुम्ही? रोज ग्रुपवर कोण विचारत होतं, ताई, साड्या कुठवर आल्या, ताई, फोटो टाका? सावकाश विणलेलं सगळ्यांना पाहिजे, पण पौर्णिमेच्या आत पाहिजे."

ते खरे होते. विचारणाऱ्यांत मीही होते.

"आणि पुठ्ठ्यावरचा फोटो?"

"तो जुना आहे. छापून ठेवलेले होते."

आई स्टुलावर बसली होती. "खऱ्या होत्या त्या कुणाला दिल्यास?"

ताई समोरच्या ओढण्यांच्या घड्या नीट करू लागल्या. "ज्या पारखून घेतात त्यांना. त्या धागा ओढून बघतात, उलटसुलट करतात. तुम्ही तर साडी उलगडूनही बघितली नाही, आई."

"अन् माझ्या अंगाचं ठाऊक असून?"

"आठवड्यातून एकदाच तर नेसता. मला वाटलं, तासाभरात काय होतंय."

 ताईंनी मागच्या कपाटातून एक पांढरी साडी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. "ही घ्या. ही मागावरची आहे, शप्पथ. मनात काही ठेवू नका."

आईने ती साडी उलगडली. पदर बोटांत धरून चोळला, गालाला लावला, उजेडाकडे धरून पाहिला. नंतर तिने माझ्याकडे पाहून विचारले, "आता ओळखायची कशी गं?"

साडी बहुधा खरी होती.  तरी आईने ती घडीवर घडी बसवून काउंटरवर ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बाहेर जाऊन रिक्षा बघू लागली.