म्हसोबाचा गोडा नैवेद्य

टायपिंगच्या दोन परीक्षा आणि तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स, एवढ्या भांडवलावर मला देवांच्या नोंदी करायचं काम मिळालं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यातल्या एका संस्थेला जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या सगळ्या देवस्थानांची माहिती कॉम्प्युटरमध्ये हवी होती. देऊळ, मशीद, दर्गा, जैन मंदिर, बुद्धविहार, इतकंच काय, बांधावरचा शेंदूर फासलेला दगडसुद्धा. जुन्नरच्या जुन्या पेठेत कापडाच्या दुकानावर एक खोली, तिच्यात एक मशीन, एक टेबलफॅन आणि मी. आठवड्यातले तीन दिवस एसटीनं गावोगाव हिंडून कार्डं भरायची, उरलेले तीन दिवस ती मशीनमध्ये चढवायची. संध्याकाळी सासूबाई विचारायच्या, "आज किती देव झाले?" मी आकडा सांगायचे आणि भाकरी थापायला बसायचे.

संस्थेचे सर महिन्यातून एकदा यायचे. माणूस भला होता. त्यांनी सगळ्या माहितीचा एक तक्ता आखला होता. सगळ्यांत वर धर्म, त्याखाली पंथ, त्याखाली दैवत, त्याखाली स्थान, आणि स्थानाखाली रकानेच रकाने. नावं सोडली तर शब्द लिहायचे नाहीत, ठरवून दिलेले आकडे टाकायचे. ऐकणाऱ्यांना वाटायचं, धर्माचं काम म्हणजे अवघड. धर्माचा रकाना मी डोळे मिटून भरायचे. दर्ग्यापुढं नारळ फोडणाऱ्यांसाठीसुद्धा सरांनी एक आकडा ठेवला होता. देवाच्या पत्नीचाही रकाना होता. म्हसोबाच्या कार्डावर तिथं मी सरळ रेघ मारायचे. सटवाईला नाही नवरा आणि म्हसोबाला नाही बायको, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण सरांना ते लेखी हवं असायचं.

मला रडवलं ते नैवेद्याच्या रकान्यानं. एक म्हणजे गोडा, दोन म्हणजे खारा. गोडा म्हणजे पुरणपोळी, खीर, गूळ-खोबरं. खारा म्हणजे कोंबडं किंवा बोकड.

शिनोलीच्या पुढं एका गावात मी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गेले होते. ओसरीवर बसलेल्या कारभाऱ्यानं माझ्या हातातलं छापील कार्ड पाहिलं आणि टोपी सारखी केली. मी विचारलं, "म्हसोबाला नैवेद्य कसला?"

"गोडा. पुरणपोळी. आमच्याकडं पहिल्यापास्नं तसंच हाय."

आतून मटणाचा वास येत होता. मी आकडा टाकला एक. मग त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलंच नाही. ताटात रस्सा, सुकं आणि बाजरीची भाकरी. मी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं.

"ह्ये नैवेद्याचं न्हाई," ते म्हणाले, "ह्ये आपलं घरचं हाय."

दोन तालुके मी असेच खाल्ले. पारगावकडं उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी तासतासभर अडकायची, मी घामानं भिजून गावात पोचायचे, आणि तिथंही म्हसोबा पुरणपोळीच खात असायचा. लोक लबाड होते असं नाही. छापील कागद पुण्याहून आलाय, तो वर जाणार, उद्या कुणी बंदी आणली तर काय घ्या, अशी भीती होती. आणि पाहुण्यापुढं आपला देव जरा शहाणासुरता दिसावा, असंही प्रत्येकाला वाटत होतं. मुलगी दाखवताना जसं कुणी तिचा राग सांगत नाही, तसंच हे. मला हे सगळं कळत होतं. पण माझं काम सांगितलेलं लिहायचं होतं, आणि मी ते लिहीत होते.

खरं सांगणारा मला एकच माणूस भेटला. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. गावाच्या कडेला त्याचं घर, दारात जाळीचं वाघूर, वाघरात पंधरावीस मेंढरं. बापजाद्यांचा मोठा कळप होता, आता एवढाच उरला होता. थोरला मुलगा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होता. मी नैवेद्याचा प्रश्न विचारायच्या आधीच म्हातारा बोलायला लागला.

"पैलं बोकड आमचं. आमच्या घरचं पडल्याबिगर गावात दुसऱ्याचं पडत न्हाई. मुंडी आमच्या घरी येती. माझ्या आज्याच्या आज्यापास्नं."

"बाकी गावं तर गोडा सांगतात, बाबा."

"सांगू दे की. द्येवाचं कशाला लपवायचं? त्यो काय चोरून खातो व्हय?" मग तो जरा पुढं सरकला. "बाई, हितं जमिनी समद्या त्यांच्या. पाटीलकी त्यांची, पंचायत त्यांची. वरसातनं येक दिस गाव माझ्या वाटंकडं डोळं लावून बसतंय. तेवढं नीट लिव. माझ्या घराचं नाव घाल."

मी लिहिलं. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आता ह्ये पुसत न्हाई न्हवं?" मी म्हणाले, "नाही बाबा, कॉम्प्युटरमध्ये गेलं की पुसत नाही."

ते कार्ड मशीनमध्ये चढवायला घेतलं तेव्हा वैशाख होता. नैवेद्याच्या रकान्यात दोन टाकलं की खाली प्रश्नांचा एक वेगळा पडदा उघडायचा. जनावर कोणतं, विधी कुठं, कापतो कोण, वाटे कसे होतात, मानकरी कोण. सगळं भरल्याशिवाय मशीन नोंद घ्यायचं नाही. मी त्यातलं निम्मंच विचारून आले होते. शिवाय सरांनी कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं होतं, "आसपासच्या सर्व म्हसोबांचा नैवेद्य गोडा. इथेच वेगळा कसा? पुन्हा जाऊन खात्री करावी."

पुन्हा जायचं म्हणजे दोन एसट्या बदलायच्या आणि पुढं उन्हातनं चालायचं. सरांना महिनाअखेर काम संपवून हवं होतं. माझी कंबर धरली होती, घरी मुलीला गोवर आला होता, आणि खरं सांगायचं तर मला देवांचा वीट आला होता. कुणाला काय आवडतं, कुणाची तोंडं कुठल्या दिशेला, कुणाचे हात किती, हे लिहून लिहून माझ्यात भक्ती तर सोडाच, कुतूहलही उरलं नव्हतं. मी दोन खोडलं आणि एक टाकलं. तो पडदा मिटला आणि त्याच्याबरोबर मानकऱ्याचा रकानाही मिटला. मशीन मुकाट्यानं पुढच्या देवाकडं गेलं. मला बरं वाटलं, हे मी कबूल करते.

काम संपलं. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागले. काही वर्षांनी संस्थेनं त्या सगळ्या माहितीचं जाड पुस्तक छापलं आणि गावोगावच्या पंचायतींना आणि मलाही एकेक प्रत पाठवली. शेवटच्या पानावर माहिती गोळा करणाऱ्यांत माझं नाव होतं. सासूबाईंनी ते पान देवघरात ठेवलं. आमच्या घरात छापून आलेली मी पहिलीच.

त्यानंतर एका फेब्रुवारीत तो मेंढरांवाला म्हातारा शाळेच्या दारात उभा राहिला. देवाचं लिहिणारी बाई कुठं असते, असं विचारत विचारत आला होता. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. चंचीतून त्यानं घडी घातलेली झेरॉक्स काढली.

"वाच. माझं नाव कुठं हाय त्ये दाव."

गावातली नोकरीला गेलेली पोरं आता जत्रेची कमिटी चालवत होती. देवळाला फरशी बसवली होती, रंग दिला होता. यंदापासून बोकड बंद, फक्त गोडा नैवेद्य, असं त्यांनी ठरवलं होतं. नवीन काही नाही, आपला देव पहिल्यापासून गोडाच आहे, पुस्तकात बघा, असं त्यांचं म्हणणं. म्हातारा म्हणाला होता, पुस्तकात माझंबी नाव हाय, बाईनं माझ्याम्होरं लिवलंय.

मी वाचलं. "दैवत म्हसोबा. नैवेद्य गोडा. मानकरी, लागू नाही."

"लागू न्हाई म्हंजी?"

"म्हणजे कुणी नाही, बाबा."

ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. खोटं बोलायला जागा होती. छापणाऱ्यांची चूक आहे म्हटलं असतं तर त्यानं ते ऐकलंही असतं. मी म्हणाले, "बाबा, मी बदललं."

"कुणी सांगितलं व्हतं?"

"कुणी नाही. दमले होते."

त्यानं झेरॉक्स माझ्या हातातून घेतली. मग सावकाश म्हणाला, "मेंढरांमागं चालून आमीबी लई दमतो. पर सांजच्याला मोजतो. दमलो म्हून हाय त्ये मेंढरू न्हाई म्हणत न्हाई." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मलाही तोंड सोडता आलं असतं. झेरॉक्सची घडी घालता घालता तो म्हणाला, "जत्रंला ये. लोकांम्होरं सांग."

मी रजा टाकून गेले. देवळापुढं मांडव होता. कमिटीतल्या पोरांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं, की पुस्तकातलं चूक आहे, इथं खारा नैवेद्य आहे, पहिला मान या घरचा आहे, मी स्वतः लिहून घेतलं होतं आणि मीच बदललं. मुख्य पोरगा चाकणला कंपनीत होता. वागायला अदबशीर. त्यानं पुस्तक आणवलं, शेवटचं पान काढलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

"मॅडम, ह्या तुमीच ना?"

"हो."

"मंग तवा खरं लिवलं का आता खरं बोलताय?"

"आता."

"आता बाबा तुमच्या शेजारी उभं हायेत. तवा शेजारी कुणी न्हवतं. मंग तवाचंच खरं धराया पायजे ना?"

मी म्हाताऱ्याच्या वयाच्या माणसांकडं पाहिलं. त्यांनी जन्मभर त्या बोकडाची वाट पाहिली होती, त्याच्यानंतर आपापली कापली होती. कुणी फरशीकडं बघत होतं, कुणी धोतराचा सोगा नीट करत होतं. शेवटी त्यांतला एक समजुतीनं म्हणाला, "जाऊ द्या, बाई. द्येवालाबी हुईल सवय."

म्हाताऱ्यानं बोकड आणलं होतं. कपाळाला हळद, गळ्यात झेंडूची माळ. पुजाऱ्यानं पुरणपोळीचं ताट देवापुढं ठेवून पाणी फिरवेपर्यंत तो पायरीशी उभा राहिला. मग त्यानं बोकडाच्या गळ्यातली माळ काढून पायरीवर ठेवली आणि दोर धरून घराकडं निघाला. कुणी अडवलं नाही, कुणी हसलंही नाही. मी त्याच्या मागून चालत गेले. दुसरं कुठं जायचं ते मला कळलं नाही.

घरी त्यानं बोकड वाघरात सोडलं आणि मला म्हणाला, "जेवून जा. जत्रंच्या दिशी आमच्या दारातनं कुणी उपाशी जात न्हाई."

चुलीवर रश्शासाठी मोठं पातेलं काढून ठेवलेलं होतं, कोरडंच. सुनेनं ते उचलून मोरीत नेऊन पालथं घातलं. मग पुरण वाटायला घेतलं. आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. बऱ्याच वेळानं तिनं ताट आणून माझ्यापुढं ठेवलं. पोळी, वर तूप, बाजूला गुळवणी.

"आज गोडच हाय, बाई," ती म्हणाली.

दोन तालुक्यांत गोड्याची माझी पहिलीच नोंद खरी झाली होती. मी अर्धी पोळी खाल्ली. उरलेली ताटाच्या कडेला ठेवली.