वरच्या रांगेतले आकडे

"लय शिकलीया म्हणं. पर तोंड उघडायला येगळा पगार मागती का काय, कुणाला ठावं."

काटेवाले काका हे ट्रॅक्टरवाल्याला सांगत होते, माझ्यापासून हातभर अंतरावर. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला ही भाषा ऐकूच येत नाही, अशी त्यांची समजूत असावी. मी रहिमतपूरची. आमच्या घरी भांडणं ह्याच भाषेत होतात. पण मी संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले.

कडेगाव भागातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी नुकती लागले होते. त्या सकाळी हंगामाचा मुहूर्त. वजनकाट्याची पूजा करायला चेअरमन स्वतः आलेले. नारळ फुटला, हळदकुंकू झालं आणि त्यांनी झेंडूचा जाडजूड हार कीबोर्डवर आडवा घातला. आकड्यांची वरची रांग फुलांखाली गडप. आता पहिल्या गाडीची पावती काकांनी काढायची. हा त्यांचा शेवटचा हंगाम, म्हणून ते नवी टोपी घालून आले होते.

काकांनी नेहमीसारखं न बघता कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर गाडीचा नंबर दाबला. पडद्यावर ओ, क्यू, ओ, आर असला कचरा उमटला.

"नजर लागली मशीनला," शिपाई म्हणाला. सगळ्यांनी माझ्या चष्म्याकडे बघितलं.

"बंद करून चालू करा की," हेडक्लार्क म्हणाले.

"आवं सायेब, पूजा झाल्याली मशीन पयली पावती निघस्तवर बंद करत न्हाईत," काका म्हणाले.

चेअरमननी मान डोलावली. म्हणजे तोही मार्ग बंद.

मला कारण कळलं होतं. कीबोर्ड आकडे पाठवत नाही, बटणाचा ठरलेला कोड पाठवतो. वरच्या रांगेतला १ कायम १च राहतो. उजवीकडचे मात्र सांगकामे. प्रोग्रॅमने 'आता तुम्ही आकडे नाही, हुकमाची बटणं' असं सांगितलं, की तेच बटण आधी पडद्यावर न दिसणारा एस्केपचा कोड धाडतं आणि त्याच्यामागून ओ-क्यूसारखी दोन अक्षरं. जाताना प्रोग्रॅमने त्यांना परत आकडे करून जायचं असतं. पण पूजेला पडदा कोरा दिसावा म्हणून काकांनी सकाळी माझा चालू प्रोग्रॅम मध्येच तोडला होता. बिचारे आकडे, कोणी सांगितलंच नाही तर परत येणार कसे?

"गाडी दुसऱ्या काट्यावर घ्या," चेअरमन घड्याळ बघत म्हणाले. "मुहूर्त टळायला नको."

काका तेच बटण आणखी जोरात दाबत राहिले. मग त्यांनी नवी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी मनात वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं, मग पुस्तकी मराठीत. दोन्ही सोडून दिली.

"आवं काका, त्यो हार उचला आन् वरचं आकडं दाबा. येगळा पगार न्हाई मागत."